पेसा-वनहक्काचं ट्रेनिंग चांगलंय, पण म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या

एका संस्थेचं पेसा (अनुसूचित म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याचं निवासी ट्रेनिंग आमच्या पाड्यावरच्या पोरापोरींनी केलं, पालघरकडचे बरेच जण विचारतायत कसंय म्हणून लिहितोय.

कायद्याचा भाग खरंच भारी शिकवतात. पेसा 1996 चा, त्यात जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेचं किंवा पंचायतीचं म्हणणं ऐका एवढंच आहे, पण 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 41 मधे अनुसूचित क्षेत्रात आधी संमतीच लागते, हा फरक आम्हाला कुणी कधी सांगितलाच नव्हता. मग कोऱ्या प्रोसिडिंगवर (ग्रामसभेच्या इतिवृत्तावर) सह्या का करायच्या नाहीत, ठरावाची नक्कल लगेच का मागायची, वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, हे सगळं सरावासाठी लुटुपुटुची ग्रामसभा भरवून करून घेतलं. आमच्यातल्या पोरी त्यात जाम भांडल्या, मस्त वाटलं. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनी पाडासुद्धा वेगळं गाव म्हणून घोषित होऊ शकतो, त्याची प्रोसेसही नीट सांगितली.

मला खटकलं ते आदिवासी म्हणून आपली ओळख काय, यावरचं सेशन. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि तारप्याच्या नाचाचे फोटो, झालं संपलं. अहो आमचा वाघदेव, देवराई, मसणवट ही काय फक्त संस्कृती नाही, वनहक्काच्या नियम 13 मधे सामूहिक दाव्याचे पुरावे म्हणून पवित्र झाडं, देवराया, स्मशानं दिलेली आहेत! ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासींनी डोंगर आमचा देव आहे म्हणून सांगितलं, 2013 ला सुप्रीम कोर्टाने ते ग्रामसभांवर सोडलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हटलं. ओळख हाच तिथे कायद्याचा मुद्दा होता, आणि इथे ती नाचाच्या फोटोत बसवली, याचं मला फार वाईट वाटलं.

नकाशाच्या प्रॅक्टिकलला पण तेच, जीपीएस धरायला शिकवलं पण कुठला दगड देवाचा, कुठून पूर्वी गुरं जायची ते आम्हा पोरांना कुठे माहितीये, ते आजीला आणि भगताला माहिती, आणि त्यांना बोलावलंच नव्हतं.

तरी जा, फुकट आहे, जेवणखाण ठीक. ग्रुपमधे दोन-तीन म्हातारी माणसं नावं देऊनच न्या, आणि संस्थेला माझं सांगणं आहे की पुढची बॅच हॉलमधे न घेता पाड्यावर घ्या, नकाशा तिथेच होईल.