बायोटिन गमी: चार ताऱ्यांवरून दोनवर (वापरानंतरचा अनुभव, इंदूर)

जानेवारीत याच गमीला मी चार तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'नखं सुधारतायत, चव छान, पुन्हा घेणार.' तो अभिप्राय आज बदलते आहे. आता दोन तारे, आणि त्यातला एकही नखांसाठी नाही. ही गमी म्हणजे बायोटिन नावाच्या ब जीवनसत्त्वाची, अस्वलाच्या आकाराची चघळायची जेली: ६० नग, ६०० रुपये, रोज दोन. म्हणजे दिवसाला २० रुपये. रामबागेत माझा डब्यांचा धंदा आहे आणि २० रुपयांत माझ्या एका डब्याची भाजी निघते, त्यामुळे हा हिशेब रोज सकाळी बाटली उघडताना डोक्यात असायचाच.

आधी गमींचा जो गोळा झाला त्याबद्दल. बाकीच्या अभिप्रायांत यावर कुणी अवाक्षर काढलेलं नाही, बहुतेक सगळे मसुरीला राहत असावेत. एप्रिल लागला तशा गमी एकमेकींना चिकटायला लागल्या. मे महिन्यात सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला, अगदी बाटलीच्या मापाचा, खालून सपाट. बोटाने निघेना, चमच्याचा दांडा वाकला. शेवटी सुरी तापवून बाटलीतल्या बाटलीत फोडी केल्या. ६०० रुपयांची वस्तू फेकून द्यायची आमच्या घरात रीत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. तिकडून, 'मैडम, ठंडी और सूखी जगह पर रखिए।' इंदूरात मे महिन्यात थंड जागा म्हणजे फ्रिज, आणि माझ्या फ्रिजात कोरडी जागा नाही. तिथे डब्यांची कोथिंबीर आणि भिजवलेली मटकी असते. तरी ठेवून बघितली. गोळा कडक झाला आणि वर साखरपाण्याचा थर सुटला. पुन्हा फोन. आता मी सरळ विचारलं की दोन गमी म्हणजे या गोळ्याचा कितवा हिस्सा? त्यावर त्या मुलीने लेबलवरचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, 'दिन में दो।' फोटो मागवले, पाठवले. दुसऱ्या दिवशी मेसेज, 'आपकी समस्या का समाधान कर दिया गया है।' काय समाधान केलं ते कंपनीलाच ठाऊक. ह्यांचं म्हणणं, एका गोळ्यावरून इतकं काय. पण हा गोळाच पुढे नडला, म्हणून आधी सांगून ठेवते.

आता नखं. मागच्या वर्षी दिवाळीआधी मला डेंगी झाला होता. ताप उतरला, आणि काही आठवड्यांनी दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर मुळाशी आडवी चर दिसायला लागली, बोट फिरवलं तर लागायची. मोठं आजारपण आलं की नखाच्या मुळाचं काम काही काळ मंदावतं आणि त्याची खूण नखावर राहते. फ्रान्सच्या बो नावाच्या डॉक्टरांनी १८४६ मध्ये या रेघांचं वर्णन केलं, अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. मला त्या चरेचा वेगळाच उपयोग झाला. महिन्याच्या एक तारखेला डब्यांचा हिशेब करायला बसते, तेव्हा शाळेतली पट्टी हाताशी असते. क्यूटिकलपासून, म्हणजे नखाच्या मुळाशी कातडीची जी कड असते तिथपासून, चर किती पुढे गेली ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. गमी सुरू करायच्या आधी माझी चर तेवढीच सरकत होती आणि नंतरही तेवढीच. जाहिरातीत 'तेजी से बढ़ें' लिहिलंय. माझ्या पट्टीला ती तेजी दिसली नाही.

याच हिशेबाने 'आठ दिवसांत फरक' लिहिणाऱ्यांना एक विचारायचं आहे. बोटाचं अख्खं नख नवं यायला सहाएक महिने लागतात, पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. आज टोकाला जे नख दिसतंय ते मुळाशी तयार झालं सहा महिन्यांपूर्वी. मग आठ दिवसांत टोकाला कसला फरक पडतो? फार तर नेलपॉलिशचा.

मग जानेवारीत माझी नखं बरी का दिसत होती? लग्नसराईच्या ऑर्डरींमुळे डिसेंबरात भांडी घासायला एक मुलगी ठेवली होती, माझे हात पाण्यात कमी होते. ती फेब्रुवारीत सोडून गेली आणि मार्चमध्ये पुन्हा नखांचे पापुद्रे सुटायला लागले. गमी चालूच होती.

जूनमध्ये खरा भुर्दंड बसला. मला थायरॉईडची ५० ची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, वर्षातून एकदा रक्त तपासते. या वेळी रिपोर्ट आला तो टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) ०.०८, खाली दाबलेलं, आणि फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) वर चढलेलं. कागदावर बघितलं तर थायरॉईड उधळलेलं, गोळी ताबडतोब कमी करायला हवी. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावून थरथर बघितली, वजन केलं. नाडी ठीक, थरथर नाही, वजन तर दोन किलो वाढलेलं. म्हणाले, 'काकू, रिपोर्ट आणि तुम्ही जुळत नाही. अजून काय काय घेता?' मी गमीचं नाव घेतलं तशी त्यांनी पेन खाली ठेवली.

झालं असं की बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये ही तपासणीच बायोटिनच्या आधाराने चालते. तपासायचा पदार्थ पकडायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची जोडी वापरतात. तुमच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर पंगतीत आमंत्रण नसलेलेच पानांवर येऊन बसतात, आणि खऱ्या पाहुण्यांची मोजणी चुकते. टीएसएचची मोजणी त्यामुळे खोटी कमी येते, आणि टी-४ च्या तपासणीची रचना उलटी असल्यामुळे ते खोटं जास्त येतं. दोन्ही मिळून अगदी खऱ्यासारखं दुखणं उभं राहतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषध प्रशासन) नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख होता. बायोटिनचा मोठा डोस चालू होता आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी आली. हे वाचल्यावर मी माझी बाटली भिंगाखाली धरली. ग्लुटेन नाही, जिलेटिन नाही, कृत्रिम रंग नाही, कसलं कसलं नाही ते सगळं लिहिलंय. रक्ततपासणीआधी बंद करा, एवढी एक ओळ नाही.

आणि इथे तो गोळा येतो. एका गमीत ५,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला १०,०००. माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, ती शेंगदाणे, डाळी, उकडलेलं अंडं यातून भागते. खरी कमतरता क्वचितच दिसते. तीनशेपटीहून जास्त डोस तर लेबलवरच आहे, त्यात सुरीने कापलेल्या फोडीत किती गेलं हे देवच जाणे. रक्त द्यायला जायच्या आधी सकाळीच एक चांगली जाड फोड खाल्ली होती.

लॅबशी भांडले. त्यांचं म्हणणं, मशीनने जे दाखवलं ते आम्ही छापलं. माझं म्हणणं, फॉर्मवर शुगरची गोळी विचारता, रक्त पातळ करायची विचारता, मग हे का नाही? पुन्हा तपासणीचे पैसे मलाच भरावे लागले, शंभर रुपये सोडले, तेही काउंटरवरचा मुलगा मराठी होता म्हणून. डॉक्टरांनी आठवडाभर गमी बंद ठेवायला लावली. नंतरचं टीएसएच ३.१. गोळी ५० चीच राहिली.

तो खोटा रिपोर्ट दाखवला त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं की मुळात गमी कशासाठी? मी हात पुढे केले. इतक्या वर्षांत माझी नखं त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली असतील. आधी दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसायला हवी, बोटांची टोकं फुगली असतील तर ती बुजते आणि मग फुप्फुस, हृदय तपासावं लागतं. लिओ शॅमरॉथ नावाच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ही खूण १९७६ मध्ये स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर टिपली होती. माझी फट होती. (घरी आल्यावर आमच्याकडे सगळ्यांनी करून बघितलं. सासूबाईंनी शेजारच्या वहिनींनाही करायला लावलं.) मग तर्जनीच्या नखावर पाण्याचा थेंब टाकला. निरोगी नख बाहेर फुगीर असतं, थेंब ओघळतो. माझा तिथेच बसून राहिला. नख मधून खोलगट, कडा वर आलेल्या, रंग फिकट. म्हणाले, 'हे लोहाचं असेल.'

तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ९. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीरातली लोहाची कोठी रिकामी. पाळी गेली दोन वर्षं जास्तच जात होती, ते मी वयावर ढकललं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांत आपल्याकडच्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे. यातल्या किती जणी नखांसाठी गमी मागवत असतील?

गमीत लोह शून्य. लेबल पुन्हा वाचलं. शून्य.

मग लोहाची गोळी सुरू झाली. ह्यांना दवा बाजारात पिटाळलं, जेनेरिक आणली, एक गोळी तीन रुपयांच्या आत. चव नाही, रंगीत अस्वल नाही, शौचाला काळं होतं आणि पोट धरतं. शिवाय पथ्य आहे. थायरॉईडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. त्यामुळे पहाटे पाचला थायरॉईड, डबे गेले की अकराला लिंबूपाण्याबरोबर लोह. चहाने लोह शोषलं जाणं कमी होतं, लिंबाने वाढतं. इथे इंदूरकरांची गोची आहे. पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ते उत्तम, पण जलेबी संपायच्या आत चहाचा कट हातात येतो. मी तर पहाटेपासून दर घाण्याला एक कप घेत होते. आता जेवणानंतर तासभर चहा नाही. हे पथ्य गोळीपेक्षा अवघड आहे.

दुसरी गोष्ट रबरी हातमोज्यांची, ८० रुपये जोडी. नख पाणी पितं आणि फुगतं, सुकलं की आक्रसतं. दिवसभर हेच चाललं की पापुद्रे सुटतात, मग पोटात काहीही घाला. रात्री हातमोजे काढून नखांना खोबरेल लावते. नेलपॉलिश रिमूव्हर बंद केलाय, तो नखं आणखी कोरडी करतो.

सासूबाईंचं मत शेवटपर्यंत कॅल्शियमचंच होतं. नखावर पांढरा ठिपका दिसला की दूध पी. नख म्हणजे केराटिन, प्रथिन. कडकपणा त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो, कॅल्शियम अगदी नाममात्र असतं. ठिपके बहुतेकदा मुळाशी कुठेतरी आपटल्याचे असतात. हे त्यांना सांगितलं, तरी दूध प्यावंच लागलं.

बायोटिनवर मी सरसकट फुली मारत नाही. आधी घोड्याच्या खुरांवर याचा फायदा दिसला, मग १९९० च्या आसपास थोड्याशा लोकांवर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन बघितलं, ठिसूळ नखं काहींची सुधारली. पण बायोटिन न देता बाजूला ठेवलेला, ठिसूळ नखंवाल्यांचाच तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे किती श्रेय कुणाचं हे त्यातून कळत नाही. कुणाला फरक पडला असेल तर पडला असेल. तुमच्या नखांची तक्रार असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच करून घ्या, थायरॉईड कमी असलं तरी नखं ठिसूळ होतात. आणि गमी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना तोंडाने सांगा, फॉर्म विचारणार नाही.

आता दिवाळी झाली. फेरिटिन ३४ वर आलंय, तर्जनीवरचा थेंब ओघळतो. खोलगट भाग पूर्ण वाढून गेलेला नाही, टोकाकडे अजून थोडा आहे, पुढच्या हिशेबाला बहुतेक कापला जाईल.

दोन तारे कशाचे: एक बाटलीचा, झाकण जबरदस्त घट्ट बसतं, त्यात पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला भरून ठेवलाय आणि पावसाळ्यातसुद्धा सादळला नाही. दुसरा त्या खोट्या रिपोर्टचा, त्याच्यामुळे डॉक्टरांनी माझी नखं बघितली. कालच कंपनीचं कूपन आलं, पुढच्या बाटलीवर १५ टक्के सूट, म्हणजे दिवसाला १७ रुपये. गोळ्याबद्दल त्यात एक शब्द नाही.