फॅनचं बेअरिंग, वॉशिंग मशीनच्या भावात

जुलैत बेळगावात कपडे वाळत नाहीत, नुसते लटकतात. वडगावातल्या आमच्या घरात जिन्यात, पडवीत, माडीवर सगळीकडं दोऱ्या बांधलेल्या होत्या, आणि मुलाचा युनिफॉर्म मी रोज इस्त्रीनं वाळवत होते. अशा दिवसांत वॉशिंग मशीन धुण्यापेक्षा पिळून देण्यासाठी जास्त लागतं. नेमकं तेव्हाच ते ओरडायला लागलं.

जात्यात खडा आल्यावर होतो तसा आवाज. खर्र, मग खट-खट-खट, मग गप्प, परत खर्र. कपडे फिरताना काही नसायचं, पाणी बाहेर पडायला लागलं की सुरू व्हायचं. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की मशीनला चार वर्षं झालीत, वॉरंटी संपलीय आणि आवाज शेजारच्या घरापर्यंत जातोय.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, बत्तीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, होते. हाताखालून काय काय गेलं असेल त्याचा हिशेब नाही. खरं त्या बत्तीस वर्षांनी त्यांचे कान नेले. शेजारी बसून ओरडलं तर निम्मं ऐकू येतं. आवाजाचा बिघाड आणि माणूस कानानं अधू, म्हणून मी त्यांना विचारलंच नाही. ते सोमवारी नणंदेकडं खानापूरला भाताच्या लावणीला गेले. त्यांना फोन करायचा म्हणजे गल्लीला ऐकवायचं. नवरा गोव्याला वेर्ण्यात नोकरीला, रविवारी येतो. बुधवारी रात्री मी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि पुढं ‘सर्व्हिस सेंटर बेळगाव’ असं टाकलं.

सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे कुणीतरी पैसे भरून वर आणलेली जाहिरात. कंपनीचं चिन्ह होतं, चोवीस तास सेवा होती, नंबर होता. मशीनच्या पाठीमागच्या स्टिकरवर कंपनीचा खरा टोल फ्री नंबर छापलेला आहे, वॉरंटी कार्डावरही आहे. कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली. मी उठले नाही.

फोनवरची बाई हिंदीत गोड बोलली. तपासणीचे ३५० रुपये, उद्या सकाळी माणूस येईल. बिघाड काय, आवाज कधी येतो, यातलं एक अक्षर तिनं विचारलं नाही. पत्ता मात्र दोनदा लिहून घेतला.

गुरुवारी पावसामुळं शाळांना सुट्टी. म्हणून मी घरात आणि मुलगाही घरात. अकराच्या सुमाराला दोघे आले. एक पस्तिशीचा, एक पोरगेला. अंगावर निळे टी-शर्ट, खिशाजवळ काहीतरी छापलेलं. मी हिंदीची तयारी करून दार उघडलं, तर मोठा म्हणतो, "काय वैनी, पाऊस काय सोडूलाल नाही की!"

इथं मी हरले. पुढचं सगळं त्यानंतरचं. सीमाभागात राहणाऱ्याला हे समजेल. बँकेत कन्नड, बिलावर कन्नड, फोनवर हिंदी, आणि दारात अचानक कुणी आपल्या घरातल्यासारखं बोललं की माणूस सैल पडतो. त्यानं गाव विचारलं, त्याचं आजोळ नंदगडचं निघालं, आमची नणंद खानापूरची. झालं की. मी ओळखपत्र विचारायचं ते चहाला साखर किती हे विचारलं.

त्यानं मशीन रिकामं लावलं, अर्धा मिनिट ऐकलं, आणि मान हलवली. "बेअरिंग गेलंय वैनी. असंच चालवलासा तर पाणी मोटारीत उतरतंय. मग मोटार आणि सर्किटचं कार्ड, पंधरा हजार." बेअरिंग म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती छर्र्यांची कडी. सहा हजार आठशे सांगितले. मी घासाघीस केली, पाच हजार चारशेवर आलं. तेव्हा मला आपण फार हुशार वाटलो होतो. त्यानं वहीच्या कागदावर लिहून दिलं: बेअरिंग ३,२००, ऑईल सील ८००, मजुरी १,४००. तीन महिने गॅरंटी.

मग म्हणाला, "एक बादली, जुनं फडकं, आणि जरा गरम पाणी लागतंय." मी आत गेले, पाणी तापवलं, चहा टाकला. बाहेर खुडबूड ऐकू येत होती. चहा घेऊन आले तर मशीन भिंतीपासून पुढं ओढलेलं, मागचं झाकण खोललेलं, आणि फरशीवर एक गंजलेलं, काळं पडलेलं बेअरिंग. "हे बघा तुमचं." हातात घेऊन फिरवलं तर कराकरा वाजलं. पुरावा समोर आल्यावर काय बोलणार?

चाळीस मिनिटांत काम आवरलं. मशीन लावून दाखवलं. आवाज गायब, एकदम गुळगुळीत. तपासणीचे ३५० धरून मी स्कॅन करून ५,७५० भरले. स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर "मालकांचं खातं" म्हणाला. पक्कं बिल मेसेजवर येईल म्हणाला. जुनं बेअरिंग ठेवून जा, असं मीच म्हटलं. नवऱ्याला दाखवायला. त्याचं तोंड क्षणभर उतरल्यासारखं झालं, खरं नाही म्हणता येईना त्याला.

पुढच्या गुरुवारी मामा परतले. मशीनखाली रोज सकाळी थोडं पाणी साचत होतं. मला वाटलं पाणी अडवणारं सील नवीन आहे, बसेल हळूहळू. मामांनी ते पाणी बघितलं, मग खिडकीत ठेवलेलं बेअरिंग बघितलं. चष्मा कपाळावर नेला, लोखंड डोळ्याजवळ धरलं, अंगठ्यानं गंज पुसला.

"हे कुठलं गं?"

मी ओरडून सांगितलं, मशीनचं.

"हे फॅनचं हाय की."

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, हे मला माहीतच नव्हतं. त्यावर ६२०२ होतं. मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे लिहून दाखवले. या जातीच्या बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की पाचानं गुणायचं, आतल्या भोकाचं माप मिळतं. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५, ६२०६ म्हणजे ३०. त्याखालचे पाठ करायचे: ०३ म्हणजे १७, ०२ म्हणजे १५. सात किलो कपडे, त्यात भिजलेलं पाणी, आणि मिनिटाला हजार-बाराशे फेरे. तो ड्रम पंधरा मिलिमीटरच्या दांड्यावर कोण लटकवेल? ६२०२ छताच्या पंख्यात बसतं. नवं आणलं तरी शंभर-दीडशेचा माल.

मग त्यांनी प्लग काढला, मशीन ओढलं आणि मागचं झाकण उघडलं. आत पट्टा, मोठी पुली, पुलीच्या मधोमध बोल्ट. पुलीवर चार वर्षांची धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. बोल्टच्या डोक्यावर कारखान्यात मारलेला रंगाचा ठिपका जसाच्या तसा. मामांनी माझं बोट धरून त्या ठिपक्यावर ठेवलं. हा बोल्ट सोडवल्याशिवाय पुली निघत नाही, आणि पुली निघाल्याशिवाय बेअरिंगपर्यंत हात जात नाही. त्यातही पुढचं दार, वरचं झाकण, वजनासाठी लावलेले सिमेंटचे ठोकळे, मोटार, सगळं उतरवून अख्खी टब बाहेर काढावी लागते. सरावलेल्या माणसाला निम्मा दिवस. काही मशीनमध्ये टब कारखान्यातच वितळवून चिकटवलेली असते, तिचं बेअरिंग वेगळं बदलताच येत नाही, पुरी टबच घ्यावी लागते. आणि आमचं काम चाळीस मिनिटांत, चहासकट.

मग आवाज गेला कसा?

मामांनी मशीन चालू करायला लावलं आणि तळहात त्याच्या अंगावर ठेवला. वर, बाजूला, खाली. डोळे मिटलेले. मी आणि मुलगा बघत उभे. नंतर म्हणाले, कानाला जे ऐकू येतं ते हाताला आधी कळतं, आमच्याकडं लेथजवळ कोण कानानं ऐकत होतं? आवाज कधी येत होता, एवढंच त्यांनी विचारलं. पाणी जाताना, म्हटल्यावर ते खाली बसले.

पुढच्या बाजूला तळाशी, उजवीकडं, एक लहान झाकण असतं. त्याच्या आत पंपाचा फिल्टर. चार वर्षांत मी ते कधी उघडलं नव्हतं. तरी त्याच्या खाचेवर ताजे ओरखडे होते. फिल्टर वाकडा बसवलेला, आटे चढलेले, म्हणून पाणी ठिबकत होतं. म्हणजे त्या दोघांनी पहिल्यांदा हेच उघडलं होतं. बादली आणि फडकं त्यासाठी मागितलं होतं, बेअरिंगसाठी नव्हे.

तेवढ्यात मुलगा आत गेला आणि कंपासपेटी घेऊन आला. तिच्यात पाच रुपयांचं नाणं, काळं पडलेलं, कडेला घासून चकाकलेलं. "त्या दादानं मला दिलं, चॉकलेट खा म्हणाला. मशीनमधून काढलं त्यानं." मी चहा करत असताना हा शेजारीच उकिडवा बसून सगळं बघत होता. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, तू विचारलंस कुठं?

तर बिघाड होता पाच रुपयांचा, शब्दशः. ड्रममधून निसटलेलं नाणं पंपाच्या पात्यापाशी जाऊन अडकलं होतं. त्यांनी ते काढलं, आवाज खरोखरच बंद केला, आणि मग पिशवीतलं पंख्याचं बेअरिंग फरशीवर मांडून मला ५,७५० ला विकलं. काम न करता पळणारा चोर लगेच कळतो. हे काम करून गेले. म्हणून मी आठवडाभर शेजारणींना त्यांचा नंबर वाटत होते, हे लिहायला आजही लाज वाटते.

मामांनी त्या दिवशी जे दाखवलं ते लिहून ठेवते. प्लग काढूनच हे करायचं. पाणी जातानाच खडखड होत असेल तर आधी पंपाचा फिल्टर. खाली पसरट ताट ठेवायचं, शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून साचलेलं पाणी सोडायचं, मग झाकण डावीकडं फिरवायचं. आतलं लहान पातं बोटानं फिरवून बघितलं तर ते अडत-अडत, टप्प्यानं फिरतं. मी घाबरले, तर ते म्हणाले, आत चुंबक आहे, ते तसंच फिरणार. झाकण बसवताना आटे सरळ लागेपर्यंत जोर करायचा नाही.

बेअरिंग गेलं असेल तर आवाज वेगळा. पिळताना वेग वाढेल तसा विमानासारखा घुमत चढतो. रिकामा ड्रम हातानं फिरवला तर खरखर लागते. दार उघडून ड्रमचा वरचा काठ उचलून बघायचा: आतला ड्रम एकटाच वरखाली हलला तर बेअरिंगचा संशय घ्यायचा, बाहेरच्या टबसकट सगळं हललं तर ते स्प्रिंगवर टांगलेलं असतंच, घाबरायचं कारण नाही. मशीन धडाधड उड्या मारत असेल तर पाय चारी फरशीला टेकलेत का, एकच जड चादर टाकलीय का, हे आधी. नवीन मशीन पहिल्याच दिवशी नाचलं तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेले असतात. प्रत्येक फेऱ्याला करकर असेल तर आतून घालायच्या कपड्यांतली तार ड्रमच्या भोकातून बाहेर आलेली असू शकते. ती टॉर्च लावून दिसते.

पैशाचं काय झालं? रात्रीच १९३० ला फोन केला. ऑनलाइन फसवणुकीसाठी तोच नंबर आहे. खरं त्याचा उपयोग पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत केला तर. मी आठव्या दिवशी करत होते, आणि पैसे मी स्वतःच्या बोटानं भरलेले. तक्रार नोंदवून घेतली. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, बिल विचारलं. बिल कुठलं? वहीचा कागद, त्यावर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, पंधरा अक्षरी जीएसटी नंबर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिकडं जायची माझी तयारी होती. पण समोर नाव कुणाचं लिहायचं? खऱ्या कंपनीच्या सेंटरला फोन लावला तर त्यांच्याकडं माझ्या नावाची त्या तारखेला नोंदच नव्हती. ती जाहिरात खोटी म्हणून कळवली. दोन दिवसांनी दिसेनाशी झाली. वेगळ्या नावानं परत आली असेल तर मला ठाऊक नाही.

ज्या शेजारणींना नंबर दिला होता त्यांच्या दारात जाऊन सांगून आले. एकीनं आधीच फोन करून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी माणूस यायचा होता. तिच्या मशीनचा फिल्टर मामांनी उघडला. दोन हेअरपिना आणि ब्लाऊजचं हूक.

गेल्या आठवड्यात दुपारी एका नव्याच नंबरवरून फोन आला. तीच गोड हिंदी. मॅडम, मागच्या महिन्यात आपल्या मशीनची सर्व्हिस झाली, समाधान आहे ना? वर्षाचा करार करून घ्या, २,४९९ फक्त. मी म्हटलं, घेते की, आधी एक सांगा, माझ्या मशीनला कितव्या नंबरचं बेअरिंग बसवलंय?

फोन कट.

मामा समोर पेपर वाचत बसलेले. मान वर करून विचारलं, "काय म्हणाली गं?"

"ठेवला फोन!"

"आँ?"