नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, संगमनेर तालुक्यातील आमच्या गावाजवळ हमरस्त्यालगत मोटारसायकलींच्या एका नव्या दुकानाचे उद्घाटन झाले. माझा मुलगा त्याच महिन्यात सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत कामाला लागला होता आणि त्याला जाण्यायेण्यासाठी गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघे सकाळीच तेथे पोहोचलो. दारात झेंडूचे तोरण, आत ओळीने उभ्या केलेल्या, हार घातलेल्या गाड्या आणि पेढ्यांचे ताट घेऊन फिरणारी मुले असे सगळे प्रसन्न वातावरण होते. गावातील मान्यवर मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसलेली पाहिल्यावर दुकानाविषयी वेगळी चौकशी करण्याचे माझ्या मनातही आले नाही.

दुकानदाराने १२५ सीसीच्या गाडीची ऑन रोड किंमत १,०५,००० रुपये सांगितली. त्यात पासिंग, विमा आणि हेल्मेट धरलेले असून उद्घाटनाच्या दिवशी बुकिंग करणाऱ्यालाच हा भाव मिळेल, असे तो म्हणाला. "सर, आजचा मुहूर्त सोडू नका, पाडव्याला गाडी तुमच्या दारात उभी करतो," हे त्याचे शब्द मला आजही आठवतात. मी बुकिंगचे २१,००० रुपये टेबलाच्या काचेखाली ठेवलेला क्यूआर कोड स्कॅन करून भरले. पैसे पाठवण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले होते. मुलाने ते मला दाखवलेही, परंतु मागे माणसे खोळंबली होती आणि मी त्याला गप्प केले. हातात आलेली पावती साध्या छापील पुस्तकातील होती. तिच्यावर दुकानाचा शिक्का होता, मात्र जीएसटी क्रमांक नव्हता.

उरलेले ८४,००० रुपये मी त्याच खात्यावर भरले आणि २ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, ठरल्याप्रमाणे गाडी मिळाली. नंबर प्लेटच्या जागी 'ए/एफ', म्हणजे नंबरसाठी अर्ज केला आहे, असे लिहिलेला कागद चिकटवलेला होता. आठ दिवसांत नंबर येईल, असे सांगण्यात आले. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. कधी आरटीओचे सर्व्हर बंद असल्याचे, कधी एजंट आजारी असल्याचे कारण मिळत गेले. डिसेंबरअखेर मी स्वतः श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात गेलो, तेव्हा त्या चॅसिस क्रमांकाच्या नोंदणीसाठी अर्जच आलेला नसल्याचे समजले.

पुढे जे उघडकीस आले ते असे. हा दुकानदार अधिकृत डीलर नव्हता. तो एका मोठ्या डीलरकडून उधारीवर गाड्या आणून विकत होता. माझ्याकडून पूर्ण रक्कम घेऊनही त्याने मूळ डीलरला गाडीचे पैसे दिले नव्हते, आणि पैसे आल्याशिवाय तो डीलर टॅक्स इन्व्हॉइस व नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र देण्यास तयार नव्हता. या दोन कागदांवाचून पासिंग होत नाही. म्हणजे गाडीची पूर्ण किंमत मोजूनही कागदोपत्री मी तिचा कोणीच नव्हतो. जानेवारीत दुकानाचे शटर खाली आले आणि दुकानदाराचा फोन बंद झाला.

मला सर्वाधिक खेद एका गोष्टीचा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नोंदणी क्रमांक गाडीवर लागल्याशिवाय ती ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. एवढे मला ठाऊक असते, तर पाडव्याचा मुहूर्त बाजूला ठेवून मी गाडी तेथेच सोडून आलो असतो. दीड महिना माझा मुलगा त्या गाडीवरून पुणे-नाशिक महामार्गाने जात होता, याचा विचार आला की आजही जीव घाबरा होतो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा विमा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये योग्य ठरवले होते. आमच्या गाडीची तर तात्पुरतीही नोंदणी नव्हती.

म्हणून नव्या दुकानात बुकिंग करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कंपनीच्या संकेतस्थळावरील डीलरांच्या यादीत त्या दुकानाचे नाव आधी शोधावे. नाव नसेल, तर इन्व्हॉइस कोणाच्या नावाने मिळणार हे विचारून पैसे थेट त्याच डीलरच्या खात्यावर भरावेत आणि जीएसटी क्रमांक असलेलीच पावती घ्यावी. विक्री प्रमाणपत्रावर गाडीच्या उत्पादनाचा महिना व वर्ष असते, तेही गाडी पाहतानाच विचारावे. खात्यावर व्यक्तीचे नाव दिसले, तर मागे कितीही गर्दी असली तरी हात आखडता घ्यावा.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीसाठी शुल्क लागत नाही, त्यामुळे तेथेही अर्ज तयार केला आहे. आमच्यासारखी आणखी काही कुटुंबे असल्याचे पोलीस ठाण्यात समजले. त्यांनी पावती, पैसे पाठवल्याची नोंद आणि चॅसिस क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. आमची गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे आणि मुलगा पहाटेच्या एसटीने कामावर जातो.