प्लॅस्टिक कयाकचा तळ: एक हिवाळा आणि एक कडक उन्हाळा वापरल्यावर

कयाक (वल्हवायची छोटी, अरुंद बोट) घेतली तेव्हा ज्याला त्याला एकच शंका होती: दगडावर आपटली तर फुटेल ना? शंका रास्त आहे. नाशिकच्या आसपासच्या धरणांचे काठ म्हणजे मुरूम आणि काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये गंगापूर धरणाचं पाणी उतरलं की एरवी बुडालेले धारदार खडक नेमके बोट लावायच्या जागी वर येतात. तरीही दगडांनी तळावर ओरखड्यांपलीकडे काही केलं नाही. जे नुकसान झालं ते ऊन, आवळलेला पट्टा आणि फरफट या तिघांनी केलं. (धरणात बोट न्यायची परवानगी हा वेगळा विषय; तो आधी मिटवा.)

माझी बोट सिट-ऑन-टॉप (आत नव्हे, वर बसून वल्हवायची), साधारण तीन मीटरची, रोटोमोल्डिंगची. म्हणजे पोकळ साच्यात पॉलिथिलिनची पावडर टाकतात, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवतात आणि पावडर वितळून आतल्या बाजूने सलग थर धरते. सांधा कुठेच नाही. छतावरच्या पाण्याच्या टाक्या याच पद्धतीने होतात आणि प्लॅस्टिकही बहुतेक वेळा तेच, एलएलडीपीई नावाचं पॉलिथिलिन. हे कळलं तेव्हा दुरुस्तीचा अर्धा प्रश्न सुटला, कारण कयाक दुरुस्त करणारा नाशकात शोधावा लागतो, टाकी जोडणारा शोधावा लागत नाही.

आधी खळग्याबद्दल. बोट माझ्याकडे आली तीच तळाला परातीएवढा खळगा घेऊन. टेम्पोवाल्याने ती सुलटी ठेवून ट्रकचा रॅचेट पट्टा करकचून आवळला होता आणि दिवसभर उन्हातून आणली. पॉलिथिलिन तापलं की मऊ पडतं आणि वाढतंही बऱ्यापैकी: तीस अंशांच्या फरकाला तीन मीटरची बोट सुमारे दीड सेंटीमीटर लांबते. पट्टा वाढत नाही, मग तळच आत जातो. घाबरायचं कारण नाही. दुपारच्या उन्हात बोट पालथी ठेवली, खळग्यावर काळं कापड टाकलं. प्लॅस्टिक हाताला चांगलं गरम लागल्यावर हवा काढलेला फुटबॉल हॅचमधून (बोटीच्या झाकणाच्या तोंडातून) आत घालून बरोबर खळग्याखाली सरकवला आणि सायकलच्या पंपाला सुई लावून फुगवला. तळ आपोआप वर आला. चेंडू तसाच ठेवून वरून ओली फडकी टाकली आणि पूर्ण गार होऊ दिलं. हा शेवटचा भाग टाळला तर खळगा पुन्हा बसतो. आता बोटांना हलकी लाट जाणवते, पण वल्हवताना काही फरक नाही.

तेव्हापासून गाडीवर बोट नेहमी पालथी जाते. साधे बकलचे पट्टे, हाताने ओढून जेवढे बसतील तेवढेच. घरी पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून कडेवर उभी असते, खाली दोन ठिकाणी गोणपाट गुंडाळलेले पाइप. टोकाच्या हँडलला दोरी बांधून टांगू नका. मधला भाग झुकतो आणि तो बाक कायमचा राहतो. ताडपत्रीही अंगाला चिकटवून घालू नये, आत भट्टी होते. निफाडच्या थंडीचा प्रश्न दोघा-तिघांनी विचारला. तेवढ्या थंडीने या प्लॅस्टिकला काही होत नाही.

ओरखड्यांवर लोक उगाच पैसे घालवतात. नखात अडकणारी कुसळं धारदार ब्लेडने तासून काढायची, बस. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याने पॉलिथिलिनला आणखी लव सुटते. टायर चमकवायचं सिलिकॉनही नको. पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर त्या जागी जोड धरणार नाही. यूव्हीपासून वाचवणारा स्प्रे मी मारतो, पण खरं काम सावलीच करते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या कार्बन ब्लॅकमुळे, तो ऊन अडवतो. केशरी-पिवळ्या बोटीला तेवढं कवच नसतं. माझ्या बोटीची वरची बाजू फिकी पडली आहे, तळाचा रंग मात्र अजून नवा दिसतो.

आता भेग. एकट्याने वीस-पंचवीस किलोची बोट काठापर्यंत न्यायची म्हणजे पुढचं टोक उचलून मागचं फरफटत नेणं आलंच. मागच्या टोकाची कणा-रेघ तिथे झिजून पातळ होते आणि पातळ जागीच चीर जाते. आत पाणी खळखळू लागलं तेव्हा शंका आली. गळती शोधायचा सोपा उपाय: बोट बाहेरून कोरडी पुसा, आत बादलीभर पाणी ओतून मागे कलती करा, थेंब कुठे येतो ते पाहा.

इथे पहिला मोह इपॉक्सी पुट्टीचा होतो. ती पॉलिथिलिनला धरत नाही. या प्लॅस्टिकचा पृष्ठभागच असा की गोंद त्यावर पसरत नाही, आणि बोट उन्हात जेवढी फुगते तेवढी पुट्टी फुगत नाही, त्यामुळे खपली निघून येते. फायबरचं रेझिनही तसंच. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेल्यापासून जिल्ह्यात रोइंगचं नाव तरी झालं, पण शर्यतीच्या त्या बोटी कार्बन फायबरच्या असतात. त्यांच्या दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून सामान आणू नका.

सातपूरला टाक्या जोडणारे एक काका आहेत. बोट पाहून म्हणाले, "भाऊ, ही तर आडवी टाकी आहे. आणा इकडे." पण आधी त्यांनी खालून एक सालपट काढून पाण्यात टाकलं. तरंगलं. पॉलिथिलिन पाण्यापेक्षा हलकं, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. मग तेच सालपट तापवून पाहिलं, कारण क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलिन तरंगतं पण वितळत नाही, आणि त्याला वेल्डिंग चालत नाही.

भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. भेगेवर ब्लेडने व्ही आकाराची खाच केली, आजूबाजूचा उन्हाने जुनावलेला थर खरवडला, स्पिरिटने पुसलं. भरायला जुन्या टाकीची पट्टी घ्यायची की बोटीचीच, यावर काका ठाम होते: "जिचं तिला." हॅचच्या कडेची जादा पट्टी कापून घेतली. हॉट एअर गनने खाच आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी तापवायचं, पृष्ठभाग काचेसारखा चकाकला की पट्टी दाबत पुढे जायचं. धूर आला किंवा पिवळसर झालं म्हणजे जळलं. ते खरवडून पुन्हा करावं लागतं. वरून चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी वितळत्या प्लॅस्टिकमध्ये रुतवली आणि तिच्यावर आणखी एक थर दिला. पाणी मारून गार केलं नाही. बोटीत थर्माकोलसारखा फोम असेल तर तो आधी मागे सरकवा. आणि हे सगळं उघड्यावरच करा.

जोड अजून कोरडा आहे. मूळ भिंतीइतका मजबूत तो कधीच होणार नाही, म्हणून आता मागच्या टोकाखाली दोन चाकांची छोटी गाडी लावतो. चाकं स्कपरच्या (बोटीवर आलेलं पाणी खाली जाऊ देणाऱ्या) भोकांत अडकवणारी घेऊ नका, सगळं वजन भोकाच्या कडेवर येतं आणि पुढची चीर तिथे जाते. पट्ट्याने बांधायची घ्या.

गोदावरीत शहराच्या खालच्या अंगाला पाणवेली (जलपर्णी) आहे; तिचे तुकडे स्कपरमध्ये अडकतात. दुसऱ्या धरणावर जाण्याआधी बोट धुवा, आणि धुणं घरीच. गंगापूरचं पाणी आपणच पितो.

घ्यावी का? घरापाशी तीन मीटर लांबीची सावली असेल तर डोळे झाकून घ्या. नसेल तर हवा भरायची बोट पाहा. तिची पंक्चर काढायचं काम वेगळंच आहे, पण निदान ती कपाटात मावते.