आठ महिने, 11,000 मैल: ट्रकचा नवा एक्झॉस्ट आणि त्यातला तो घुमारा

मार्चमध्ये गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही डॅलसहून ह्यूस्टनला निघालो होतो. मागे हौद्यात ताडपत्रीखाली पथकाचे आठ ढोल, मागच्या सीटवर सांगलीहून आलेली आई. आय-45 वर कॉर्सिकाना मागे पडलं आणि आई म्हणाली, "अरे, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं होतंय. कान भरून आलेत माझे." तोवर पाच महिने मी स्वतःची समजूत घालत होतो की नव्या एक्झॉस्टचा आवाज अजून 'सेट' होतोय. त्या दिवशी ते संपलं. हा अनुभव लिहायचं तेव्हाच ठरवलं, कारण आवाज सेट होण्याची वाट बघत पैसे अडकवून बसलेला मी एकटाच नसणार.

गाडी 2016ची सिल्व्हराडो, 5.3 लिटर व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, 3.42चा ॲक्सल (मागच्या चाकांचं गिअर-गुणोत्तर). एक्झॉस्ट कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्याला) हात न लावता त्याच्या मागचं सगळं बदललेलं. सायलेन्सर सरळ आरपार, जाळीदार नळी आणि भोवती काचतंतूंचं भरण. किट 780 डॉलर, बसवायचे 150. स्टेनलेस पोलाद 304 घ्यावं की स्वस्त पण गंजाचे डाग लवकर धरणारं 409, यावर मी आठवडाभर घोळ घातला आणि 409 घेतलं. टेक्ससमध्ये उत्तरेसारखं हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडत नाही. वरवर तांबूस डाग आलेत, पण पाइप ठणठणीत आहे. तिथे वाचवलेले अडीचशे डॉलर योग्यच वाचवले.

पहिल्या दिवशी धूर निघतो, जळक्या तेलाचा वास येतो. पाइप वाकवताना लावलेलं तेल जळतं ते, घाबरू नका. शंभर मैलांनी क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या. माझा एक सैल झाला होता आणि टेलपाइप बंपरला लागून खडखडत होता.

आता आवाज. पहिले तीनशे मैल तो कोरडा होता. वेग घेताना पत्र्यासारखी किनार लागायची. ढोलाला नवं पान चढवल्यावर पहिले काही दिवस तो बोलतो पण घुमत नाही, तसंच. पाचशेच्या पुढे किनार गेली. हजार मैलांपर्यंत आवाज खाली उतरला, भरीव झाला आणि किंचित मोठाही झाला. याला कारण आहे. जाळीवर काजळी धरते, भरणातला चिकटा जळून जातो, तंतू आपापल्या जागी बसतात. भरण नसलेल्या, नुसत्या कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये हा फरक फारसा पडत नाही. म्हणजे 'ब्रेक-इन' ही दुकानदाराची थाप नाही. माझ्या ट्रकमध्ये तो खरोखर झाला. दीड हजारानंतर मात्र मला काहीच बदल जाणवला नाही.

आणि आठी सिलिंडर चालू असताना हा आवाज फार सुंदर आहे. चढावर, तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, छातीत थाप बसते. ढोलावर हाताची थापी नीट मध्यावर पडली की जे होतं तेच. बोगद्यात मी अजूनही काच खाली घेतो.

पण या इंजिनला चार सिलिंडर बंद करायची सवय आहे. सपाट रस्ता, पाय हलका, की 1, 4, 6 आणि 7 नंबरचे झोपतात आणि डॅशबोर्डवर व्ही-8 जाऊन व्ही-4 येतं. 65 मैलांच्या वेगाला माझं इंजिन साधारण 1,600 आरपीएमवर असतं. आठ सिलिंडरना दर फेऱ्याला चार स्फोट, म्हणजे सेकंदाला 107. चार सिलिंडरना त्याच्या निम्मे, 53. हा 53 हर्ट्झ म्हणजे माझं सगळं दुखणं. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झ असतो. हा त्याच्याही खाली. तो नीट ऐकू येत नाही, दाबासारखा जाणवतो, आणि सगळी केबिन त्याला साथ देते. त्यात तो सलगही नसतो. जरा चढ आला की जातो, उतार लागला की परत येतो. सलग असता तर कान सरावले असते.

मूळ एक्झॉस्टमध्ये हे कधी ऐकू आलं नाही, कारण तिथे मोठा सायलेन्सर होता आणि कमी वेगाच्या वायूला अडवणारी स्प्रिंगची झडप. कंपनीने हा आवाज ओळखून दाबला होता. ट्रकखालून काढण्यासाठी ते सगळं कापावं लागलं. कापण्याआधी दुकानाने मला हे सांगायला हवं होतं, असं मी आजही मानतो. 5.3चे ट्रक रोज येतात त्यांच्याकडे.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर आलं, "हजार मैल होऊ दे." हजार झाले. "तीन हजार होऊ दे." साडेतीन हजारांवर पुन्हा गेलो तर म्हणे बनवणाऱ्यांशी बोला. त्यांना ईमेल केली. आजीवन वॉरंटी गंज आणि वेल्डिंगपुरती आहे, आवाज ज्याच्या त्याच्या आवडीचा. परत घेतात, पण न बसवलेला. न बसवता आवाज कसा कळणार, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा धोरणाचा तोच परिच्छेद आला.

बनवणाऱ्यांनी फोनच्या ॲपने डेसिबल मोजून पाठवायला सांगितलं, तिथे मी एक गोष्ट शिकलो, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ॲपमध्ये नेहमी असतो तो 'ए' मापाचा आकडा. त्या मापात 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलने कमी धरला जातो. एकाच वेगाला व्ही-8मध्ये मला 67 दिसले, व्ही-4मध्ये 68. म्हणजे तक्रारच खोटी! खालचे सूर जवळपास पूर्ण धरणाऱ्या 'सी' मापावर ॲप लावलं तेव्हा 86 आणि 94. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण आईचे कान आणि 'सी' माप यांचं एकमत होतं.

ह्यूस्टनच्या वाटेवर त्या दिवशी गिअर 'एम'मध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये टाकून सहाव्यात ठेवला. मग इंजिन आठांवरच राहतं. आई दहा मिनिटांत झोपली. उपाय तिथेच सापडला होता. तरी एप्रिलमध्ये मी एका वेल्डरकडे गेलो, मुख्य पाइपला एका टोकाने बंद अशी आडवी नळी जोडून घ्यायला. तिची लांबी लहरीच्या पाव भाग ठेवली की तो सूर स्वतःलाच खोडतो. वेल्डरने कागदावर हिशोब मांडला. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 480 मीटर धरला तर 107 हर्ट्झसाठी नळी सव्वा मीटरच्या आत, ती बसते. 53साठी सव्वादोन मीटरच्या वर. ट्रकखाली ती घालायला जागा नाही. "तुझे 120 डॉलर घेईन, पण तुझा त्रास जाणार नाही," म्हणाला. सगळ्या प्रकरणात मला सरळ उत्तर देणारा हा एकच माणूस, आणि त्याने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. तिकडे आणखी दोन ट्रकवाले पाठवलेत मी.

मग डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीचा संगणक तपासायच्या जोडणीत) बसणारं, व्ही-4 बंद ठेवणारं उपकरण घेतलं. दोनशे डॉलर. पहिल्या दिवसापासून घुमारा बंद. महामार्गावर गॅलनला 19 मैल मिळायचे, आता 17.8. वर्षाला पंधरा हजार मैलांचा माझा प्रवास धरला तर जवळपास 53 गॅलन जास्त. हा खर्च मला बोचतो. किटच्या किमतीत तो कुणी धरत नाही, मी आता धरतो. 780, 150, 200 आणि दरवर्षी ते 53 गॅलन.

डिसेंबरमध्ये मी या किटला पाचपैकी दोन दिले असते. आज चार देतो, पण व्ही-4 बंद केल्यावरचे चार. तसाच वापरणार असाल तर दोनच. 5.3 असेल आणि रोज महामार्गावर असाल तर आधी कुणाच्या तरी बसवलेल्या ट्रकमध्ये मागच्या सीटवर बसून 65वर वीस मैल जाऊन या. पुढच्या सीटवर घुमारा कमी लागतो, त्यामुळेच मीही पाच महिने फसलो.

पहाटेचा थंड स्टार्टही सांभाळा. कन्व्हर्टर तापेपर्यंत इंजिन वरच्या आरपीएमवर राहतं. शेजारी तान्हं बाळ आहे, म्हणून टेलपाइप त्यांच्या खिडकीकडे येणार नाही असा ट्रक लावतो आणि लगेच निघतो.

आमच्या काउंटीत धुराची चाचणी अजून आहे आणि ती त्याच पोर्टमधून होते, तेव्हा उपकरण आधी काढून ठेवा. माझी पुढच्या महिन्यात आहे. तेवढे काही मैल पुन्हा व्ही-4 ऐकावा लागेल. त्या दिवशी आईला घरी ठेवून जाणार आहे.