जिमचा जोडीदार कसा हवा: कोलमन, मीराबाई की कोलंबू?

एक दिवस कोणासोबत लोखंड उचलायला मिळालं तर कोण पाहिजे? नागपुरातल्या जिममध्ये दोन सेटच्या मधे हा विषय निघाला की नावंही बहुतेक ठरलेलीच येतात. रॉनी कोलमन, मीराबाई चानू, आणि जुन्या बॉडीबिल्डिंगचा नाद असलेला एखादा फ्रँको कोलंबू म्हणतो. तुम्ही खरोखरच जोडीदार शोधत असाल तर ही तीन नावं कामाची आहेत. कारण या तिन्ही जातीची माणसं धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत सगळीकडे भेटतात. फक्त बारवरचं वजन कमी असतं.

कोलमनपासून सुरू करू, कारण भुरळ त्याचीच सगळ्यात जास्त. १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात मोठा किताब. टेक्ससमधल्या अर्लिंग्टनमध्ये पोलिसाची नोकरी सांभाळत त्याने मेट्रोफ्लेक्स नावाच्या जिममध्ये घाम गाळला, आणि तिथे एसी नव्हता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कूलरसमोरच्या बेंचसाठी भांडणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. त्याने ८०० पाउंड, म्हणजे ३६३ किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) दोनदा मारला. पुढे पाठीच्या आणि खुब्याच्या एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, कुबड्या आल्या. तरी गड्याला खंत कसली, तर त्या दिवशी दोनऐवजी चार मारायला हवे होते!

तुमच्या जिममधला कोलमन म्हणजे जो मागे उभा राहून ओरडतो, "होते बे, अजून एक मार!" जोश भरपूर येतो, नाही म्हणत नाही. पण त्याचं 'अजून एक' त्याच्या अंगाच्या हिशोबाने असतं. शिवाय एक साधी अडचण कोणी बोलत नाही. तो १४० किलोने स्क्वॉट मारतो आणि तुम्ही ६० ने. म्हणजे त्याच्या बारला दोन्ही बाजूंना साठ-साठ किलो, तुमच्याला वीस-वीस. दर पाळीला वीसच्या चार प्लेटा काढा, परत चढवा. तिसऱ्या सेटपर्यंत तुमची अर्धी ताकद प्लेटा वाहण्यात जाते, आणि चौथ्या सेटला भाऊ म्हणतात, "तू तिकडे डंबेल मार ना थोडे."

वेटलिफ्टर मीराबाईची गोष्ट वेगळी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तिचे तिन्ही प्रयत्न फसले, एकूण वजनाची नोंदच झाली नाही. पुढच्याच वर्षी ती जागतिक विजेती झाली, आणि टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेऊन आली. अशा माणसाकडून शिकायचं ते फसलेल्या सेटनंतर काय करायचं हे. या जातीचा जोडीदार वहीत आकडे लिहितो, तुमची टाच उचलली की लगेच सांगतो, आणि फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, बिघडला तर वजन कमी करायला लावतो. कंटाळवाणा वाटेल, पण नवख्या माणसाला सुरुवातीचे काही महिने याच्याशिवाय दुसरा पर्याय मी सुचवणार नाही.

मर्यादा अशी की तिच्या खेळात सपोर्ट, म्हणजे बार अडला तर दुसऱ्याने धरणं, हा प्रकारच नाही. लिफ्ट फसली की बार सोडायचा आणि बाजूला व्हायचं. त्यासाठी लाकडी प्लॅटफॉर्म आणि रबरी प्लेटा लागतात. फरशीच्या जिममध्ये बार तसा टाकून बघा, मालक पुढच्या खोलीतून धावत येतो.

आता कोलंबू. सार्डिनियाचा बॉक्सर, उंची जेमतेम साडेपाच फूट. अर्नोल्ड श्वार्झनेगर सहा फुटांच्या वर. कॅलिफोर्नियात दोघं एकत्र व्यायाम करायचे आणि पोटापाण्यासाठी विटांचं बांधकामही एकत्रच करायचे. १९७४ आणि १९७५ ला फ्रँकोने ऑलिंपियाचा हलका गट जिंकला, आणि एकूण किताबासाठी समोर उभा कोण, तर रोजचा जोडीदार. दोन्ही वेळा हरला. पण व्यायाम सोबतच चालू राहिला, आणि १९७६ व १९८१ चे किताब फ्रँकोच्या नावावर आहेत.

माझं मत याच जातीला. तुमच्यापेक्षा पाच-दहा किलो पुढे किंवा मागे असलेला, थोडी खुन्नस ठेवणारा मित्र. प्लेटा फारशा बदलाव्या लागत नाहीत, आणि जड सेटनंतर लागणारी तीन-चार मिनिटांची विश्रांती त्याच्या पाळीत आपोआप निघते. धोका गप्पांचा. दोघांचा लेग डे तर्री पोह्याच्या ठेल्यावर संपायला वेळ लागत नाही.

घर आणि वेळ आधी बघा, बाकी सगळं नंतर. उन्हाळ्यात साडेपाचला रॅकजवळ असणारा साधा माणूस रात्री नऊला उगवणाऱ्या पहिलवानापेक्षा बरा. तुम्ही मनीषनगरला आणि तो कोराडी रोडला असेल तर दोघांनी एक जिम धरायचा विचारच सोडा.

हो म्हणण्याआधी एकदा बेंच प्रेसला (आडवं पडून छातीवरून बार ढकलताना) सपोर्ट मागा आणि त्याचे हात बघा. चांगला माणूस डोक्यामागे उभा राहतो, तळवे बारच्या खाली पण बारला न लावता ठेवतो, आणि बार अडून उलटा खाली यायला लागला तरच धरतो. पहिल्या रेपपासून, म्हणजे पहिल्यांदा उचलतानाच, बोटं लावणारा तुमच्या छातीऐवजी स्वतःचे खांदे बनवतोय, आणि तुम्ही ऐंशी किलो मारले म्हणून घरी सांगताय. मोबाइल बघणाऱ्याला तर दुसरी संधीही देऊ नका.

कोणीच जमलं नाही तर स्क्वॉट रॅकचे सेफ्टी बार तुमच्या सगळ्यात खालच्या टप्प्याच्या किंचित खाली लावा. एकट्याने बेंच मारताना बारला प्लेटा अडवणारी क्लिप लावू नका. अडकलात तर बार तिरका करून प्लेटा खाली सोडता येतात. आवाज होईल, लोक बघतील, बघू द्या.