ट्रेलर रस्त्यात बंद पडू नये म्हणून: कंपनीचा करार की ओळखीचा मिस्त्री?

दोन-तीन ट्रेलरच्या मालकाने नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न हाच पडतो. कंपनीचा वार्षिक मेंटेनन्स करार, म्हणजे एएमसी, घ्यायचा, की आजवर ज्याच्याकडे गाड्या उघडल्या त्याच मिस्त्रीकडे पुढेही जायचं? मी दोन्ही पर्याय एकाच कसोटीवर तपासतो: भरलेली गाडी रस्त्यात उभी राहण्याची वेळ कशात कमी येईल?

गाडी बीएस-6 असेल, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, एप्रिल 2020 नंतरची, तर हॉर्ससाठी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या ओढणाऱ्या भागासाठी, करारच घ्या. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ हे द्रावण फवारलं जातं, ड्रायव्हर मंडळी ज्याला नुसतं युरिया म्हणतात ते. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. रस्त्याकडेचा भेसळीचा कॅन ओतला किंवा डिझेलचंच नरसाळं वापरलं, की इंजेक्टर आणि सेन्सर खराब व्हायला लागतात. आधी डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसूनही गाडी दामटली तर कंट्रोल युनिट इंजिनाची ताकदच कमी करतं आणि कसारा घाटात भरलेली गाडी चढेनाशी होते. हा दोष शोधायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. तो नसेल तर अनुभवी मिस्त्रीही एकामागून एक सेन्सर बदलून बघतो, आणि ते बिल मालकाच्या माथी येतं.

युरियाची टाकी नसलेल्या जुन्या गाडीला मात्र मी कराराचे पैसे घालणार नाही. तिथे मिस्त्रीची नजर जास्त कामाची. कोणत्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, सील मागच्या पावसाळ्यात गळलं होतं, रेडिएटरची जाळी शेवटची कधी साफ झाली, हे त्याच्या डोक्यात असतं. अट एकच: गाडी त्याच्याकडे बिघडायच्या आधी गेली पाहिजे. मार्च संपायच्या आत कूलंट, होस पाइप आणि फॅन बेल्ट बघून घेतले, तर एप्रिल-मे महिन्यांत घाटात बॉनेट उघडून उभं राहावं लागत नाही.

आता खरी अडचण. 22 चाकी ट्रेलर घ्या. दहा टायर हॉर्सचे, बारा ट्रॉलीचे, म्हणजे माल लादायच्या मागच्या भागाचे. हॉर्स एका कंपनीचा, ट्रॉली दुसऱ्याच कारखान्यात बांधलेली. हॉर्सच्या कंपनीचा करार ट्रॉलीला सहसा लागू नसतो, आणि टायर-बॅटरी तर बहुतेक करारांच्या बाहेरच असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त चाकं, त्यांचे हब, बेअरिंग, ब्रेक चेंबर आणि हवेचे पाइप यांच्याकडे बघायला कोणीच नाही! टायर फुटणं, हब जाम होणं, हवा गळून ब्रेक धरून बसणं, रस्त्यात होणारे कितीतरी खोळंबे इथलेच असतात.

हे काम मिस्त्रीलाच द्या आणि रोजची पाहणी ड्रायव्हरदादांच्या हातात ठेवा. जोडचाकातला आतला टायर सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. त्यात हवा कमी असली की जास्त भार बाहेरच्यावर येतो, आतला लवून लवून तापतो आणि शेवटी फुटतो. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाजावरून हवा ओळखायची सवय मोडायला हवी. थंड टायरला हवा मोजायचं गेज लावा, आणि व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या. ढाब्यावर थांबल्यावर प्रत्येक हबजवळ तळहात न्यायचा, टेकवायचा नाही. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग तरी गेलंय किंवा ब्रेक तरी चिकटलाय. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले तर सील फुटलंय. नटाभोवती गंजाच्या रेघा दिसल्या तर नट ढिला झालाय. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. पाण्यासोबत तेल येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवून घ्यायचा.

कोणत्या रस्त्याने जाता, यावरही निर्णय फिरतो. न्हावाशेव्याहून जालन्याला भंगार नेणारी गाडी जुन्या हायवेने गेली तर टायरवाला, वेल्डर, इलेक्ट्रिशियन वाटेत मिळत जातात. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. तिथे प्रवेश फक्त इंटरचेंजवरून, त्यामुळे ओळखीचा मिस्त्री हाक मारल्यासरशी पोचत नाही. तासन् तास एका वेगाने धावताना कमी हवेच्या टायरला थंड व्हायला उसंतही मिळत नाही. त्या मार्गावर रोडसाइड असिस्टन्स असलेल्या कराराचं मोल वाढतं, आणि निघण्याआधीच्या पाहणीचं त्याहून जास्त.

म्हणून बीएस-6 गाडीला माझी पसंती अशी: हॉर्स करारात, ट्रॉली आणि टायर मिस्त्रीकडे. सगळं एकाच ठिकाणी सोपवणं सोयीचं वाटतं, पण आज तसा पर्याय सहसा मिळत नाही. सही करण्याआधी डीलरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर करारात आहेत का, गाडी रस्त्यात पडली तर ओढून नेण्याचा खर्च कोणाचा, आणि तुमच्या नेहमीच्या मार्गावर त्यांची वर्कशॉप नेमकी कुठे आहेत. तिसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर करार स्वस्त असला तरी थांबा, दुसऱ्या डीलरला विचारा.